अनोळखी इंजिन

गणपती विसर्जन झाल्यापासून आडबंदरच्या धक्क्यावर एकच विषय होता : दिगा तांडेल मधूनच नाहीसा होतो, तो जातो कुठे?

नाहीसा म्हणजे फोनवरून. एरवी बंदरातल्या सगळ्या होड्या सगळ्यांच्या फोनवर दिसत. निळ्या पडद्यावर पांढरे ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की होडीचं नाव. दिगाची, म्हणजे दिगंबर कुबलची, 'गजलक्ष्मी' आठवड्यातून एखादवेळ बंदराबाहेर पडे, बोडक्या बेटापर्यंत जाई आणि तिथे तिचा ठिपका विझे. संध्याकाळी तो पुन्हा बेटापाशीच उगवे. होडी धक्क्याला लागली की बर्फाखालून दोन-तीन दांडग्या घोळी, महागातले मासे, निघत. आणि हे अशा दिवसांत, की बंदरातल्या बाकी सगळ्या होड्या मिळून एक घोळ आणत नव्हत्या.

याचं मूळ 'कानोसा'मध्ये होतं.

पाण्यात उजेड लांब जात नाही, पण आवाज जातो. हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने आणि मैलोगणती. आणि समुद्र काही मुका नाही. घोळीच्या पोटात हवेची एक पिशवी असते, मच्छीमार तिला भोत म्हणतात. अंडी घालायचे दिवस आले की घोळी एका जागी जमतात आणि त्या भोतावर स्नायू आपटून ढोल वाजवल्यासारखा आवाज करतात, जोडीदाराला बोलावण्यासाठी. जुने तांडेल वल्हं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावत आणि तो ढोल ऐकत. कानोसा म्हणजे तेच काम करणारं यंत्र. होडीच्या बुडाला दोन्ही बाजूंना सुपारीएवढे दोन माइक, आणि त्यांना जोडलेला फोन. दोन माइकांपर्यंत आवाज पोचण्यात जो कणभर फरक पडतो, त्यावरून फोन दिशा काढी. मात्र दिशाच. अंतराचा नुसता अंदाज. नेमकी जागा कळायला दुसरी होडी लागे. दोन होड्यांनी काढलेल्या दिशांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे मासा.

म्हणून सिंक. ॲपच्या मराठीत त्याला 'आपोआप जुळवणी' असं भारदस्त नाव होतं, पण धक्क्यावर सगळे सिंकच म्हणत. मोबाइलचा टॉवर खोल समुद्रात पोचत नाही. तेव्हा प्रत्येक फोन आपण ऐकलेलं सगळं रेडिओवरून शेजारच्या होडीच्या फोनला देई, तो पुढच्याला, असं करत ते किनाऱ्यापर्यंत येई. कोणी बटण दाबायचं नाही, कोणी कोणाला विचारायचं नाही. वाऱ्याची खबरही याच वाटेने येत असे. पश्चिमेकडच्या होडीला वाऱ्याचा तडाखा बसला की तिचा हेलकावा तिचा फोन ओळखी आणि किनाऱ्याजवळच्या होड्यांना अर्धा तास आधी सावध करी. पहिल्याच वर्षी त्याने दोन होड्या वाचवल्या. लोकांनी जुने वायरलेस संच काढून माळ्यावर टाकले.

पहिली दोन वर्षं बंदरात दिवाळी होती. पण दूरदूरच्या बंदरांतले मोठे ट्रॉलरही याच जुळवणीत होते. एका होडीने घोळीचा ढोल ऐकला की दुपारपर्यंत तिथे ट्रॉलरांची रांग लागे. माशाने जोडीदाराला घातलेली साद हाच त्याचा पत्ता झाला. तिसऱ्या वर्षी घोळ कमी झाली. चौथ्या वर्षी कानोशात नुसती इंजिनंच ऐकू येऊ लागली.

एक जागा मात्र उरली होती. बोडक्या बेटाच्या नैर्ऋत्येला पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडकांची रांग, आहे. दिगंबरच्या वडिलांनी ते त्याला दाखवलं होतं. वडील त्या खडपाला म्हातारखडप म्हणत. तिथे अजून घोळी जमत होत्या. दिगंबर तिथे एकटा जाई, बेटापाशी सिंक बंद करी, पोटापुरतं पकडी आणि उरलेला वेळ कानाला इअरफोन लावून ढोल ऐकत बसे. परतताना बेटापाशी थांबून तो फोनमधलं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसून टाकी आणि मगच सिंक चालू करी. पुसलं नाही तर साठलेलं सगळं आपोआप वर गेलं असतं.

मासा वाचावा म्हणून हे करतो, असं तो स्वतःला सांगे. ते खोटं नव्हतं. पण एकट्याने ऐकण्याची त्याला चटक लागली होती, हेही तितकंच खरं.

सिंक बंद ठेवण्याला शिक्षा होती. कानोसा बनवणाऱ्या कंपनीने नियम केला होता, जो देत नाही त्याला मिळतही नाही. जो फोन वारंवार गप्प बसे त्याचा नंबर रांगेत शेवटचा लागे. ठिपके आणि खबरी त्याला मिळत, पण जड माहिती महिनोन्‌महिने अडकून राही. त्यात होड्यांच्या इंजिनांच्या आवाजांची यादी होती. प्रत्येक इंजिनाची घरघर वेगळी असते, त्या यादीवरूनच कानोसा 'ही अमक्याची होडी' असं सांगे. दिगंबरच्या फोनमध्ये नारळी पौर्णिमेनंतर नवी यादी आलेली नव्हती. त्याचं त्याला काही वाटलं नाही. बंदरातली जुनी इंजिनं त्याला कानानेही ओळखू येत.

दिगंबरची बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ रूपेश आणि त्याची बायको वैदेही पलीकडच्याच खोल्यांत राहत, आणि दिगंबर दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवे. रूपेश मोकळा माणूस. त्याच्या पोटात काही राहत नसे. गणपतीआधी त्याने आपल्या होडीला नवं इंजिन बसवलं तेव्हा अख्ख्या बंदराला पेढे वाटले होते.

एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "दादा, सोसायटीत मुरारी इचारी होतो. तुझो ठिपको मधीच खंय जाता म्हणान."

"फोन जुनो झालो. बॅटरी उतरता," दिगंबर भात कालवत म्हणाला.

"मगे माझो ने. माझ्याकडे दुसरो आसा."

"बघूया."

रूपेशने हातातला घास खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "माका तरी सांग. म्हावऱ्याचां माका काय पडलां नाय. तू एकटो जातंस, खलाशी नाय, फोन बंद. काय झालां तर आमी तुका शोधूचां खंय?"

"शोधूचां कित्याक? मी काय बुडतंय?"

"जेवताना असां बोला नको, भावोजी," वैदेही म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आमटी वाढली.

 दिगंबरला भावाच्या काळजीत गळ दिसला. आज जागा माका सांग म्हणेल, उद्या त्याच्या तोंडून ती धक्क्यावर जाईल, परवा ट्रॉलर येतील. भावाला आपण ओळखतो, असं त्याला वाटलं.

त्यानंतर चार दिवसांनी दिगंबर पुन्हा खडपावर गेला. ऑक्टोबरचं ऊन होतं. समुद्रावर धुरकट झाक पसरली होती, मैलभरापलीकडचं काही दिसत नव्हतं. जाळं टाकून त्याने इअरफोन लावला. खालून ढोल येत होता, आधी एक, मग दहा, मग सगळं पाणीच घुमायला लागलं. तो डोळे मिटून ऐकत असताना हातातला फोन थरथरला.

'इंजिन : १. पूर्वेकडून. अंदाजे दोन मैल. अनोळखी.'

दिगंबर कानातला इअरफोन उपटून ताडकन उठला. बंदरातली होडी असती तर फोनने नाव सांगितलं असतं. म्हणजे कोणीतरी बाहेरचा. ट्रॉलरवाले माग काढायला लहान होड्या पाठवतात, हे त्याने ऐकलं होतं. त्याने भराभर जाळं ओढलं आणि होडी उत्तरेकडे काढली. फोनवर बघत राहिला. ते इंजिनही वळलं. त्याच्या आवाजाच्या मागे येत होतं.

बेटाला उत्तरेकडून वळसा घालून तो पूर्वेच्या आडोशाला आला आणि त्याने इंजिन बंद केलं. इंजिन बंद झालं की कानोशाच्या लेखी होडी नाहीशीच होते. थोडा वेळ ते अनोळखी इंजिन मंद झालं, गोंधळल्यासारखं. मग जोरात सुरू झालं आणि जिथून दिगंबर निघाला होता त्या खडपाकडे गेलं. तिथे ते गोल गोल फिरायला लागलं.

"फीर मेल्या, फीर," दिगंबर पुटपुटला. "काय गावाचां नाय तुका."

त्याने पाणी प्यायलं. नेहमीप्रमाणे त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. सिंक चालू करायला बोट पुढे केलं, पण परत घेतलं. तो मेला निघून जाऊ दे, मग करू, असं त्याने ठरवलं.

पश्चिमेचं आभाळ काळं व्हायला लागलं होतं, ते त्याला बेटामुळे दिसलं नाही. वारा एकदमच आला. बेटाच्या माथ्यावरची झुडपं आडवी झाली, दोन्ही अंगांनी पांढऱ्या लाटा धावत गेल्या आणि पावसाने समोरचं सगळं पुसून टाकलं. दिगंबरने नांगर टाकला आणि तळाशी अंग टेकून पडून राहिला. आडोसा होता म्हणून तो वाचला. बऱ्याच वेळाने झोड ओसरली. त्याने सिंक चालू केली आणि फोन वाजतच राहिला. 'जोराचा वारा, ताबडतोब किनारा गाठा.' ही खबर वारा येण्याच्या अर्धा तास आधीची होती. बंदरातल्या बाकीच्या होड्या केव्हाच परतल्या होत्या. पडद्यावर सगळे ठिपके धक्क्यापाशी गोळा झालेले दिसत होते. त्यात रूपेशचा ठिपका नाही, हे बघायचं दिगंबरला सुचलं नाही.

तो धक्क्याला लागला तेव्हा वैदेही पायऱ्यांवर उभी होती. भिजून चिंब. तिने त्याच्या होडीच्या मागे पाहिलं.

"भावोजी, हे खंय?"

"कोण, रूपेश? माका काय म्हायत?"

"तुमच्याच मागसून गेले मरे! खलाशी सायमनाक घेवन. म्हणाले, दादा एकटो जाता, आज लांबसून लक्ष ठेवतंय. सिंक पण बंद करून गेले. चालू ठेवली तर दादाची जागा सगळ्यांका कळतली म्हणाले."

 मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मुरारी जोगी शेजारीच उभे होते. दिगंबरने त्यांचा फोन ओढून घेतला आणि इंजिनांची यादी काढली. रूपेश कुबल, 'वेळोबाप्रसाद', इंजिन बदलल्याची नोंद, नव्या आवाजाची बारीक लाट. त्या यादीत ते सगळ्यांकडे होतं. फक्त त्याच्याकडे नव्हतं.

"तू खंय होतंस?" मुरारींनी विचारलं. "जागा सांग. होड्ये तयार आसत."

 दिगंबरने तोंड उघडलं आणि मिटलं. होड्या निघतील, प्रत्येक होडीचा कानोसा चालू असेल, प्रत्येक फोन दुसऱ्याला सांगेल. म्हातारखडप संध्याकाळच्या आत सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होईल. हे त्याच्या मनात आलं. असल्या वेळीही आलं, आणि ते आलं म्हणून त्याला स्वतःची किळस वाटली. मुरारींना तो क्षणभर थांबल्यासारखा वाटला. वैदेहीला तो क्षण फार लांब वाटला.

"बोडक्या बेटाच्या नैर्ऋत्येक," तो म्हणाला. "खडप आसा. मी दाखवतंय."

पंधरा-सोळा होड्या निघाल्या. दिवस मावळायच्या सुमारास खडपापासून दक्षिणेला सायमन फर्नांडिस सापडला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून तरंगत असलेला. रूपेशचा देह दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्याला लागला.

सायमनला बोलता यायला वेळ लागला. मग धक्क्यावर ब्लँकेट गुंडाळून बसलेला असताना त्याने सांगितलं. तो सांगत होता तेव्हा दिगंबर त्याच्यासमोर उभा होता.

"फोनार दादाचां इंजिन आयकाक येय होतां. गजलक्ष्मी म्हणान नाव येय होतां. मगे ता एकदम बंद झालां. रूपेश घाबरलो. म्हणालो, दादाचां इंजिन बंद पडलां रे, नायतर तो पाण्यात पडलो. खंय बंद पडलां ता कळाक नाय, म्हणान पयलो जंय होतो थंय आमी गेलो. खडपाभोवती फिरत रवलो. मी म्हटलंय, सिंक चालू कर, बाकीचे येतले. तर म्हणता, अजून एक फेरो मारूया, नाय गावलो तर चालू करतंय. तो फेरो मारताना वारो इलो."

"तुका खबर कशी कळात," कोणीतरी म्हणालं. "सिंकच बंद."

मुरारी दिगंबरकडे वळले. "तुझां इंजिन बंद पडललां?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. इंजिन कोणाचंही बंद पडतं. कोणाचाही भाऊ मदतीला धावतो.

"होय," दिगंबर म्हणाला.

मुरारींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सायमन रडायला लागला.

रूपेशचे दिवस अजून चालू होते तेव्हाच क्षितिजावर ट्रॉलरांचे दिवे दिसू लागले. शोधाच्या दिवशी पंधरा फोनांनी ऐकलेला ढोल जुळवणीने आपलं काम चोख करून जिथे पोचवायचा तिथे पोचवला होता. खडपावर आठवडाभर जाळी पडत होती. बंदरातल्या होड्याही गेल्या, कोणाला दोष देणार? शेवटी ट्रॉलर निघून गेले. घोळीचं नाव पुन्हा कानोशात आलं नाही. दिगंबर त्या दिवसांत घराबाहेर पडला नाही. लोक येत, बसत, भावाभावांच्या प्रेमाबद्दल बोलत आणि जात. रूपेश आणि दिगा, असे भाऊ होणे नाही, असं मुरारी सगळ्यांना सांगत.

सुतक फिटल्यावर वैदेही त्याच्या खोलीत आली. तिचे डोळे आत गेले होते, पण आवाज शांत होता.

"भावोजी, ता इंजिन आधी दुरुस्त करून घेवा. हे गेले ते त्या इंजिनापायी. परत तुमी समुद्रात जातलास, आणि परत ता बंद पडलां तर? आता मागसून येवक कोण नाय."

"मी बघतंय."

"बघूचां नको. ताजुद्दीन मिस्त्रीक मी सांगलंय. उद्या सकाळी येतलो तो."

दिगंबरला तेव्हाच तिला सांगता आलं असतं. ती उंबऱ्यात उभी होती, दुसरं कोणी नव्हतं. तो खाली बघत राहिला आणि ती निघून गेली.

सकाळी ताजुद्दीन मिस्त्री होडीत उतरला. चाळिशीतला बारीक माणूस, आजूबाजूच्या तीन बंदरांची इंजिनं त्याच्या हाताखालून जात. वैदेही धक्क्याच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. मिस्त्रीने झाकण काढलं, डिझेलचा फिल्टर उघडून पाहिला, नळ्या चाचपल्या.

"बंद पडलां तेव्हा धूर येय होतो? काळो काय पांढरो?"

"आठवत नाय," दिगंबर म्हणाला.

"खडखडलां की हळूहळू मेलां?"

"आठवत नाय, म्हटलंय मरे."

मिस्त्रीने खांदे उडवले आणि बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याने ते बराच वेळ चालू ठेवलं, आवाज चढवला, उतरवला, बंद केलं, पुन्हा चालू केलं. प्रत्येक वेळी ते पहिल्याच झटक्याला उठलं. शेवटी तो आवाजावर आवाज चढवून ओरडला, "दिगादादा, ह्येका काय्येक झालां नाय! वर्षभर हात लावक नको!"

मग त्याने दिगंबरच्या तोंडाकडे पाहिलं.

"बंद करा ता," वैदेही वरून म्हणाली.

इंजिन थांबलं. पाणी धक्क्याच्या दगडांवर आपटत होतं, तेवढाच आवाज.

"भावोजी, त्या दिवशी ता बंद पडललां, काय तुमी बंद केल्लास?"

दिगंबरने मान वर केली नाही. "मी केलंय."

"कित्याक?"

"फोनार दिसलां, कोणतरी मागसून येता म्हणान. अनोळखी इंजिन. माका वाटलां, जागा चोरूक इलो. म्हणान मी बेटाच्या आड लपलंय."

"आणि ता फिरत रवलां, ता तुमका दिसा होतां?"

"दिसा होतां."

 मिस्त्री हातातला पाना फडक्याने पुसत राहिला, पाना स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. वैदेहीने पदर सारखा केला.

"सायमन अजून सगळ्यांका सांगत बसता, दादाचां इंजिन बंद पडलां म्हणान," ती म्हणाली. "मी काय सांगूचंय नाय. ता तुमी सांगा. आजच."

आणि ती पायऱ्या चढून घराच्या वाटेला लागली.

दिगंबर होडीतून उतरला. सोसायटीच्या ओट्यावर सकाळची माणसं बसली होती. मुरारी होते, आणखी दोघे-तिघे तांडेल होते. मधोमध सायमन बसला होता आणि हातवारे करून काहीतरी सांगत होता. दिगंबरला येताना पाहून तो बोलायचा थांबला. त्याने सरकून आपल्या शेजारी त्याला जागा करून दिली.